धोंड्याचं बोलावणं

पुरणपोळी सगळ्यांची असते. सणाला घरात जितकी माणसं तितक्यांची, वर शेजाऱ्यांना चार. धोंडा मात्र जावयाचा. बाकीच्यांना मिळतो, पण तो जावयाच्या निमित्तानं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. ती तूट भरून काढायला पंचांगात साधारण तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घालतात. शहरात त्याला अधिक महिना म्हणतात, आमच्याकडं धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं आणि पुरणाचे धोंडे करून वाढायचे. कणकेची पारी, आत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वर तूप. कुणी तळतात, कुणी वाफवतात. माझ्या सासरी वाफवायचे.

हे नाव कुठून आलं ते मला खात्रीनं सांगता येत नाही. कुणी म्हणतं, या महिन्यात लग्न होत नाही, वास्तुशांत होत नाही, महिना वाटेत धोंड्यासारखा आडवा पडलेला असतो म्हणून. कुणी म्हणतं, पदार्थच गोल दगडासारखा दिसतो म्हणून. मला लहानपणी गावातल्या एका म्हाताऱ्यानं तिसरंच सांगितलं होतं. बारा महिने देवांनी वाटून घेतले, हा तेरावा कुणी घेईना, तेव्हा विष्णूनं त्याला पदरात घेतलं. जावई हा विष्णूच्या जागी, म्हणून त्याला जेवू घालायचं. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण कुणाच्याच वाटणीला न आलेला महिना असू शकतो, हे मात्र मला तेव्हाही पटलं होतं.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाप अंगठा उठवायचा. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून मी नांदेडला कॉलेजात आलो, खोली करून राहिलो, बी.ए. केलं, एम.ए. केलं, परीक्षा दिल्या आणि एका ऑफिसात कारकून म्हणून लागलो. दारावरच्या पाटीवर नावापुढं दोन्ही पदव्या लिहून घेतल्या. लोक हसत असतील तर हसोत. ज्यांच्या घरात पदव्या पडून आहेत त्यांनी त्या पाटीवर लिहू नयेत. मी लिहिल्या.

लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला तेव्हा माझ्या अंगात हा सगळा अभिमान काठोकाठ भरलेला होता. सासर लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या पुढं. भर उन्हाळा. ओसरीत पाट मांडलेला, समोर परात. सासरे तांब्या घेऊन खाली बसले, मागं सासू पदर डोळ्यापर्यंत ओढून हळदीकुंकवाची वाटी धरून.

"पावणं, पाय द्या," सासरे म्हणाले.

"मामा, उठा. वयानं मोठ्या माणसानं माझे पाय धुवायचे नाहीत. मला हे पटत नाही."

"कामून? पाणी गढूळ हाय का?"

ओसरीतली माणसं हसली. सासरेही हसले, पण तांब्या हातातच राहिला. मी माझे पाय बाहेर जाऊन धुतले. माझं चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी परत आलो तेव्हा सासू ती कोरडी परात उचलून आत नेत होती, आणि तिची पाठ मला अजून आठवते.

सासू माझ्याशी बोलायची नाही. राग म्हणून नव्हे, रीत म्हणून. त्या घरात सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायचं नसतं. काय सांगायचं ते लेकीला सांगायचं, लेकीनं ते शेजारी बसलेल्या जावयाला सांगायचं. "इचार त्यांला, आमटी वाढू का." मग ही माझ्याकडं वळून, "आई विचारतीय, आमटी वाढू का?" मी म्हणायचो, "वाढा." ही आईला, "वाढ म्हणतेत." तिघंही एकमेकांपासून दोन हातांवर बसलेले.

दुसऱ्या दिवशी ही शेजारी गेली होती. मी ओसरीत एकटा, अंगणात शेळी बांधलेली. सासू दाराच्या आडून शेळीला म्हणाली, "काय गं बये, पावण्याला च्या पायजे का, इचारावं का न्हाई?"

मी शेळीकडं बघितलं. शेळीनं माझ्याकडं. मी शेळीला म्हणालो, "अर्धा कप म्हणावं."

चहा आला, उंबऱ्यावर ठेवला गेला. ही परत आल्यावर मी सांगितलं, तर खाटेवर आडवी होऊन हसली. "एम.ए. झाले अन् शेळीशी बोलून राहिले," असं महिनाभर चिडवत होती.

आता धोंड्याबद्दल. सासूचा धोंडा लिंबाएवढा, दिसायला अगदी साधा. मोदकाला कळ्या असतात, शेंडी असते. धोंड्याला काही नाही. पारी कुठं मिटली ते दिसता कामा नये, ही सासूची अट. जोड खाली जायचा आणि तळहातावर फिरवून फिरवून पुसला जायचा. पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीला तूप. वाफ धरली की कणीक चकचकीत आणि जराशी पिवळी दिसायला लागते, आतलं पुरण अंधुक कळतं. ताटात आला की बोटानं फोडायचा आणि त्या भेगेत तूप सोडायचं. पहिला घास जीभ भाजतो. गूळ, सुंठ, थोडं जायफळ. पुरणपोळीत पुरण लाटून पातळ होतं, इथं ते गोळ्यानं राहतं, म्हणून डाळीची चव जास्त लागते. आणि एक, हा पदार्थ टिकत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो. ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी जाऊन खायचा.

दुसरा धोंड्याचा महिना लॉकडाऊनच्या साली आला. सासरे त्याच्या आधीच्या वर्षी गेले होते. जाणं-येणं अवघड. मग हिनं घरीच धोंडे केले. आईनं फोनवरून सांगायचं, हिनं करायचं. सासूच्या बटणाच्या फोनवर दोनचं बटण दाबून धरलं की हिचा फोन वाजायचा. मेहुण्यानं, म्हणजे हिच्या भावानं, पुण्याला नोकरीला जाताना तेवढं बसवून दिलं होतं, आणि फोनमधलं तेवढंच सासूला येत होतं.

"इचार त्यांला, गोडाला कमी न्हाई ना?" फोन ओट्यावर ठेवलेला.

"आई, फोन स्पीकरवर हाय. ते ऐकून राहिले."

पलीकडून एकदम आवाज बंद.

"पदर घेत असल," ही म्हणाली. आणि खरंच, दोन मिनिटांनी आवाज आला तो पदराआडून आल्यासारखा दबका. त्या दिवशी हिनंच मला पाटावर बसवलं. "आज मीच तुमची सासू. पाय धुऊ का?" मी पाय मागं घेतले. हिच्या धोंड्यांना सगळीकडं जोड दिसत होते. दोन तर पातेल्यातच फुटले. मी सात खाल्ले.

तिसरा धोंड्याचा महिना श्रावणाचा. आम्ही दोघं गेलो. ही तेव्हा आजारी होती, पण किती ते आम्हाला कळलं नव्हतं. सासरे नव्हते, म्हणून सासू आता स्वतः जोडप्याला वाण देऊ शकत नव्हती, शेजारच्या तिच्या जाऊबाईनं दिलं. हिनं अर्धा धोंडा खाल्ला आणि उरलेला माझ्या ताटात ठेवला. परत निघताना सासूनं आपलं पितळी पुरणयंत्र हिला देऊन टाकलं. म्हणाली, मला पाट्यावरच बरं वाटतं. पुढच्या उन्हाळ्याआधी ही गेली. कसा आजार, कुठलं हॉस्पिटल, ते इथं लिहीत नाही. मूलबाळ नाही. माझी आई गावाकडं माझ्या भावाजवळ असते आणि फोन केला की दुसऱ्या लग्नाचं काढते, म्हणून मी फोन कमी करतो.

यंदा चौथा आला.

महिना लागला त्याच दिवशी ऑफिसातला नवा शिपाई म्हणाला, "काय साहेब, धोंडे खायला कधी? नवे कपडे घ्यायला लावा सासूला." त्याला माहीत नव्हतं. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, तो गोरामोरा झाला. मी म्हणालो, "बघू, बोलावणं आलं की." हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. पण गेलं, आणि तेव्हा मला कळलं की मी बोलावण्याची वाट बघतोय.

ज्या माणसानं भर ओसरीत रीत पटत नाही म्हणून सांगितलं, त्यानं त्याच रीतीच्या बोलावण्याची वाट बघायची. माझं मलाच हसू यायचं. पण प्रश्न रीतीचा नव्हता. लेक गेल्यावर मी त्या घरचा जावई राहतो की नाही, एवढाच होता. हिच्या वर्षश्राद्धाला सगळी भेटली तेव्हा गर्दी होती, कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. आणि जोडप्याचं वाण असतं, एकट्या माणसाला कुणी कशाला बोलवील? ज्यांच्यात मी शिकलो, नोकरीला लागलो, ती माणसं मला साहेब म्हणतात. पावणं म्हणणारं घर जगात एकच होतं.

घरमालकांचे जावई आले. सकाळपासून खाली जायफळाचा वास. दुपारी घरमालकीणबाई ताटली घेऊन वर आल्या. "सर, घ्या. जास्तीचे झाले." तळलेले धोंडे, काजू घातलेले. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्याकडचं... म्हणजे बोलावतात का अजून?"

"हाव, जाणार आहे," मी म्हणालो.

दुसऱ्याच्या सासूचा धोंडा होता. एक खाल्ला. चांगला होता. डोळ्यात पाणी वगैरे आलं नाही. ताटली धुऊन, त्यात थोडी साखर घालून परत दिली, ही द्यायची तशी.

मग रोज फोन बघायचो. रविवार गेले. महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा मी मांडणीवरचं पुरणयंत्र काढलं, चिंचेनं घासलं आणि पिशवीत घातलं. बोलावल्याशिवाय जावई धोंडे खायला जात नसतो, तो निर्लज्जपणा. पण सासूची वस्तू सासूला परत द्यायला जायला बोलावणं लागत नाही. बसमध्ये लोहा गाव मागं पडेपर्यंत मी वाक्य पाठ करत होतो: इकडं काम होतं, जाता जाता हे देऊन जावं म्हटलं.

पोचलो तेव्हा दुपार चढली होती. सासू दारात सूप घेऊन बसलेली. मला बघून पदर ओढला, उठली आणि तशीच उभी राहिली. मी पाठ केलेलं वाक्य बोललो. ते निम्म्यातच संपलं. पिशवी ओट्यावर ठेवली.

तिनं आजूबाजूला बघितलं. बोलायला मधे कुणीच नव्हतं. मग तिची नजर गोठ्याकडं गेली. शेळी तिथं होती, त्या पहिल्या शेळीची नात असावी.

"बये," सासू शेळीला म्हणाली, "पावण्याला सावलीला बसा म्हणावं."

मी बसलो. पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर आला. मी प्यालो. मग सासू शेळीकडं तोंड करून एकदम बोलायला लागली.

"महिनाभर बटण दाबून दाबून बोट दुखलं बाई माझं. बंद हाय, बंद हाय, तेच ती बाई बोलती आतून. म्हटलं जाऊ दे. लेक गेली तर पावण्यानं दार लावून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं."

"कुणाला फोन लावला म्हणावं?" मी विचारलं. शेळीलाच.

"कुणाला म्हंजी? लेकीच्या फोनवर. दुसरा कुठला नंबर हाय माझ्याकडं?"

हिचा फोन आमच्या कपाटात हिच्या साड्यांखाली आहे. रिचार्ज संपला, मी केला नाही. कशाला करायचा? सासूनं महिनाभर मला बोलावलं ते त्या फोनवर. नांदेडच्या आमच्या घरी पोचायचा तिला एकच रस्ता माहीत होता.

"मेहुण्याकडं माझा नंबर होता की," मी म्हणालो.

"पोराला मनले मी. तर ते मनलं, आई, कशाला त्यांची खपली काढती. मी गप बसले." तिनं सूप उचललं, परत ठेवलं. "अन् बोलवून तरी कोणत्या तोंडानं बोलवू? मी अशी, पावणं असं. वाण देणारी न्हाई अन् घेणारी जोडी न्हाई."

इतका वेळ मी अभिमानाला धरून होतो. तो कुठं उतरवायचा कळेना. मी शेळीला म्हणालो, "मी वाट बघून राहिलो होतो म्हणावं. रोज."

सासू उठून आत गेली. आतून पातेल्याचा आवाज आला, मग स्टोव्ह पेटल्याचा. थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं शेळीला सांगितलं की डाळ महिन्याच्या पहिल्या दिवसापासून निवडून झाकून ठेवलीय, वेळ लागणार नाही, बस चुकली तर चुकू द्या.

पुरणयंत्र पिशवीतच राहिलं. पुरण पाट्यावर वाटलं. मी ओसरीत बसून बघत होतो. पूर्वी मी हे कधी बघितलं नव्हतं, तेव्हा मला पेपर वाचायचा असायचा. तिची बोटं आता वाकडी झालीत, तरी पारी कुठं मिटली ते कळत नव्हतं. एक धोंडा झाला की तो तळहातावर फिरवून खिडकीच्या उजेडात धरायची, जोड दिसतो का बघायची, मग चाळणीवर ठेवायची.

जेवायच्या आधी ती तांब्या घेऊन पायरीपाशी आली. उभीच राहिली. मला ती कोरडी परात आठवली. मी पायरीवर गेलो, पाय पुढं केले. तिनं वरून पाणी ओतलं, मी वाकून माझे मी धुतले. तिच्या हाताला माझे पाय लागले नाहीत. तिचं पाणी मात्र घेतलं. एवढं तेव्हाही जमलं असतं. सासरे होते तेव्हा.

ताटात पाच वाढले. मी पाचही खाल्ले, मग आणखी दोन. येळवणीची आमटी झणझणीत होती, नाक वाहायला लागलं, ते बरंच झालं. सासू दाराआड बसून शेळीला सांगत होती, "दुसरं करा म्हणावं. माणसानं एकटं राहू न्हाई. येणारीला घेऊन या म्हणावं पुढच्या धोंड्याला. तीबी माझी लेकच."

मी आणखी आमटी मागितली. शेळीकडंच.

निघताना मी म्हणालो, "फोनमध्ये माझा नंबर घालून देतो." तिनं फोन आणून ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. मी बटणं दाबत गेलो. दोनवर हिचं नाव आलं. सासूला येणारं तेच एक बटण, म्हणून तिथं माझा नंबर घालावा असं मला वाटलं. मी तसं बोललो.

"दोनवरचं काढू नका."

मी वर बघितलं. पदर डोळ्यापर्यंत होता, पण तोंड माझ्याकडं होतं. शेळी पार पलीकडं होती. आठ-नऊ वर्षांत तिनं मला थेट सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

"तीनवर घाला," ती म्हणाली. "मी शिकते."

मी तीनवर घातला. तिच्याकडून तीनदा दाबून घेतलं. तिन्ही वेळा माझ्या खिशातला फोन वाजला, आणि आम्ही दोघंही तो वाजू दिला.

उरलेले धोंडे तिनं डब्यात भरून दिले. नांदेडला येईपर्यंत संध्याकाळ झाली. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या, त्यांना मी चार दिले. "आमच्या मामींचे," म्हणालो. वाफवलेले बघून त्यांना नवल वाटलं. बाकीचे मी त्याच संध्याकाळी संपवले. टिकत नाहीत.

आता आठवड्यातून एकदा फोन येतो. मी ऑफिसातून येऊन कुलूप काढत असतो, साधारण तेव्हा. मी उचलतो. पलीकडं आधी काहीच नसतं. मग शेळी ओरडल्याचा आवाज येतो आणि जरा लांबून सासूचा. ती फोन हातात धरून गोठ्यापाशी उभी असणार.

"बये, इचार त्यांला. जेवले का?"

"जेवले म्हणावं," मी सांगतो. बहुतेक वेळा जेवलेलो नसतो.